ताटावरचं नाव

पिंपरी
१९ जानेवारी १९५६

आक्का,

फोटो पाठव म्हणालीस, मी पाठवला. त्यात माणूस नव्हता म्हणून एवढा बोभाटा करायचं काय कारण? एक सोडून दोन पाठवले होते, एक झाडाचा आणि एक पिठलं-भाकरीचा. तुझं पत्र वाचून वाटलं, मी यशवंतरावांच्या घरावर धोंडाच मारलाय.

दहिवडीचे यशवंतराव घोंगडीवाले त्यांची कुसुम मला द्यायची का नाही ते ठरवणार. त्यासाठी त्यांना माझं तोंड बघायचंय, आणि तेही कारखान्याच्या फाटकापुढं, छातीला कंपनीचा बिल्ला लावलेलं. समजलं. तू तीन पत्रांत तीनदा लिहिलंस. पण आक्का, कॅमेरा माझा, फोटो काढणारा मी, मग फोटोत मी कसा येणार? शेजारच्या खोलीतल्या सयाजीच्या हातात एकदा दिला होता. त्यानं माझे गुडघे काढले आणि मागं चरणारी शेळी. शेळी चांगली आलीय. हवी तर यशवंतरावांना दाखव.

शिवाय फाटकापुढं पहारेकरी उभं राहू देत नाही. तो विषय संपला.

कॅमेऱ्याचं खूळ कुठून काढलंस, असं विचारलंस. पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपांच्या आणि कंदिलांच्या ढिगात पडला होता. काळी पेटी आणि पुढं एक डोळा. एका रोलात आठ फोटो, नववा देवानं मागितला तरी देत नाही. बाजूचा खटका ओढला की दोन हातांवरचं स्वच्छ येतं, त्याहून जवळ गेलं की सगळं धुकं. म्हणून ताटाचा फोटो काढायचा तर ताट अंगणात उन्हात ठेवायचं, आपण स्टुलावर चढून वाकायचं, श्वास धरायचा आणि कळ दाबायची. खाणावळीतली माणसं म्हणतात, "राव, जेवण खाली हाय, तू वर काय शोधतोस?"

आणि ताटाचाच का, तर आईमुळं. प्रत्येक पत्रात तिचं एकच, पोटाला खातोस का. मी लिहितो, खातो. पुढच्या पत्रात, खरंच खातोस का. लिहिलेलं पटत नाही म्हणून ताटच दाखवलं.

झाड एम्प्रेस गार्डनमधलं. सुट्टीला मी रेल्वेनं पुण्याला जातो आणि तिथं हिंडतो. काही झाडांना पत्र्याची पाटी लावलेली आहे, तिच्यावर इंग्रजीत नाव. आपल्या खडकवाडीत माणसाला धड नावानं कोणी हाक मारत नाही, इथं एकेका झाडाला दोन-दोन नावं. एका वेलीचा बुंधा माझ्या मांडीएवढा. वेल, आक्का! आपल्या माणदेशातली सगळी सावली गोळा केली तरी त्या एका झाडाखालच्या सावलीएवढी भरायची नाही. आणि दाजी फोटो बघून म्हणतात, बाभळ दिसते. दाजी मास्तर आहेत म्हणून गप्प बसतो.

कंपनीचं झकास चाललंय. औषधाच्या बाटल्या, पांढरा डगला, शिफ्टचा भोंगा. याहून जास्त बाहेर सांगायची बंदी आहे.

सोबत ताटाचा नवा फोटो ठेवलाय. स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेतलाय, पोस्टकार्डाएवढा. सकाळच्या तिरक्या उन्हात काढलाय, भाकरीवरचा पापुद्रासुद्धा दिसतो. लाडू आहे बघ. आता तरी आईला सांग, खातो म्हणून. मनीऑर्डर नेहमीसारखी पंचवीसची केलीय.

ज्योतीराम


खडकवाडी, दहिवडीजवळ
२५ जानेवारी १९५६

राजमान्य राजश्री ज्योतीराम यांस,

आता तुम्हाला अरेतुरे करायची सोय राहिली नाही. संसारी माणूस झालात.

तोंड वेंगाडू नको, सगळं कळलंय. तुझा तो ताटाचा मोठा फोटो आला. आईनं आधी शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. मग तिच्या मनात आलं, पोराच्या ताटाला एवढ्या लोकांची नजर लागली. लगेच मीठ-मोहरी घेऊन फोटोवरून ओवाळली आणि चुलीत टाकली. आजपर्यंत बाळाची दृष्ट काढलेली बघितली होती, म्हशीची बघितली होती, पिठल्याची पहिल्यांदा बघितली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. तुझ्या दाजींनी शाळेतलं भिंग आणलं. लाडू बेसनाचा का रव्याचा यावर त्यांचा आणि माझा वाद चालला होता. भिंग लाडवावरून ताटाच्या काठावर गेलं, आणि त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मग मी बघितलं. काठावर नाव कोरलेलं आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी. मी चौथी शिकले आहे, मला वाचता येतं. "चि. सौ. कां. सगुणा हीस विवाहप्रसंगी मामाकडून सप्रेम भेट", आणि पुढचं भाकरीखाली गेलंय.

ही सगुणा कोण? कुठल्या गावची? तिच्या लग्नातल्या ताटात तू कसा जेवतोस? खाणावळीवाल्या मावशी, मावशी म्हणून लिहितोस, त्या मावशीचीच भाची का? मामा ताट देतो म्हणजे घरातलंच लग्न. तरीच फोटोत तोंड दाखवत नाहीस! मुंडावळ्यांचा वण राहिला असेल कपाळावर.

मी तीन रात्री झोपले नाही. कुसुमसारखी मुलगी, यशवंतरावांसारखं घर, आणि मधे बोलणी करणारी मी. उद्या त्यांना काय सांगू, आमच्या भावाला ताट मिळालं, आता पोरगी नको?

आईला मी नाव वाचून दाखवलेलं नाही. ती वेगळ्याच नादात आहे. फोटो उन्हात धरून किती तरी वेळ बघत बसली. भाकरीवरून बोट फिरवलं. मग आपल्याशीच हसली आणि म्हणाली, "त्याला इचार, हात भाजत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, आई, तो बाटल्यांच्या कारखान्यात आहे, त्याचा हात कशाला भाजेल? तर म्हणाली, "तू इचार तर खरं." वयानं असं होतं माणसाचं. फोटो आता देव्हाऱ्यात ठेवलाय, खंडोबाच्या शेजारी.

आणखी ऐक. फोटो येत नाही म्हणून यशवंतरावच यायला निघालेत. घोंगड्यांचा माल घेऊन ते पुण्याला जाणार आहेत, तिथून पिंपरीला येऊन कारखान्याच्या फाटकावर तुला बघणार. तू कंपनीत आहेस म्हणून त्यांनी दोन जमीनवाली स्थळं परत पाठवली. तेव्हा काय ते खरं उलट टपाली लिही.

मंजुळा


पिंपरी
३० जानेवारी १९५६

आक्का,

तुझं पत्र मी पंगतीत मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. आता इथली साठ माणसं मला नवरदेव म्हणतात. कोणी मीठ मागितलं तरी, "नवरदेव, मीठ!"

सगुणा म्हणजे आमच्या मावशीच! खाणावळीच्या मालकीण सगुणाबाई, मूळच्या काळेवाडीच्या. वय पन्नास, तीन नातवंडं, पुढचे दोन दात गेलेले. ते ताट त्यांच्या लग्नातलं. सोबत फोटो पाठवतोय, त्याच ताटाचा, भाकरी बाजूला सारून. दाजींना म्हणावं, आता भिंग लावा. "सन १९१९" असं आहे. तेव्हा मी तर नाहीच, तूसुद्धा जन्मली नव्हतीस.

मावशींना सांगितलं तर त्या हसून हसून खालीच बसल्या. म्हणाल्या, "माज्या मामानं ताट दिलं तवा म्हनला व्हता, पोरी, ह्या ताटात राजा जेवंल. छत्तीस वर्सं वाट बघतीया, आन आला कोन, तर ह्यो!" तुला त्यांचा निरोप आहे: "नणंदबाई, लुगडं कवा धाडताय?"

तर लग्न झालेलं नाही. ताट मात्र चांगलं जड आहे.

आता यशवंतरावांचं. त्यांना येऊ देऊ नकोस. कारखान्यात पाहुण्यांना सोडत नाहीत. फाटकावर आत निरोप देत नाहीत. शिवाय माझी शिफ्ट बदलत असते, कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोन्ही. त्यांना सांग, मीच शिमग्याला गावाकडं येतो. नाही तर रविवारी एम्प्रेस गार्डनमध्ये भेटू म्हणावं. तिथं निवांत सावली आहे, मी त्यांचा झाडाखाली फोटो काढतो. फेटा फार छान येतो फोटोत.

आईला सांग, कारखान्यात हात भाजायला काय चूल आहे? तिच्या डोक्यात हे कुठून आलं?

ज्योतीराम

ता. क. लाडू रव्याचा.


खडकवाडी
१ फेब्रुवारी १९५६ (कार्ड)

ज्योत्या, तुझं पत्र अजून आलं नाही. यशवंतराव आज पहाटे निघाले. शनिवारी चार तारखेला फाटकावर येतील. त्या सगुणेला लपव किंवा पुढं कर, पण स्वच्छ सदरा घालून उभा राहा. आई विचारते, बाजरीची पण जमते का. काय जमते, ते मला विचारू नको. मंजुळा.


पिंपरी
६ फेब्रुवारी १९५६

आक्का,

तुझं कार्ड आज मिळालं. यशवंतराव परवा येऊन गेले.

आता खरं सांगतो. हे पत्र एकटीनं वाच.

मी कंपनीत नाही. दिवाळीलाच सोडली. कंपनीचा काही दोष नाही, माणसंही चांगली होती. पण एकाच जागी उभं राहून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. हजार झाल्या की पुढच्या हजार. माझे पाय माहीत नाहीत का तुला? तिसरीतून पाणी प्यायला म्हणून उठलो तो परत शाळेत बसलोच नाही. इथंही तसंच झालं. एक दिवस भोंगा झाला, सगळे आत गेले आणि माझे पाय वळून बाहेर आले.

त्याच आठवड्यात मावशी नदीवर धुणं धुताना घसरल्या, मनगट मोडलं. साठ माणसं ताटं पुढं घेऊन बसलेली, आणि भाकरी थापणारं कोणी नाही. म्हटलं, आजच्या दिवस बसतो. पीठ मळायची काटवट पुढं ओढली. तो आजचा दिवस अजून संपला नाही. मावशींचं मनगट बरं झालं तरी त्या म्हणतात, तू थाप, मी वाढते.

आणि आक्का, हे काम साधं नाही. नगरचा माणूस बाजरीची मागतो, सोलापूरचा जोंधळ्याची आणि तीही कागदासारखी पातळ, कोकणातले दोघं तांदळाची. मराठवाड्यातला एक आहे, त्याला भाकरी जाड लागते आणि वर तिखटाचा गोळा. मी चेहरा बघून पीठ घेतो. पाय मात्र चुलीपुढं कसे टिकले, ते मलाच कळत नाही.

पण बाप्या माणूस भाकऱ्या बडवतो हे गावात सांगायचं कसं? म्हणून डगला, भोंगा, बिल्ला. लाडू पण खोटा. तो विकायचा होता, फोटो काढून परत डब्यात टाकला.

शनिवारचं ऐक. दुपारची पंगत भरली होती. मी आत चुलीपुढं, उघडा, डोक्याला फडकं. बाहेरून मावशींचा आवाज आला, "ज्योतीराम, जोंधळ्याच्या अजून दोन टाक. फेट्यावालं पाव्हनं पाचवीवर आल्यात."

मग पाहुण्याचा आवाज. "बाई, आमच्या मानदेशातली भाकरी हितं कोन करतं? त्या माउलीला बघू द्या तरी. दोन शब्द चांगलं बोलून जातो."

माणदेश ऐकलं आणि माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

मावशी म्हणाल्या, "माउली न्हवं, बाप्या हाय. ज्योतीराम, भाईर ये रं!"

आलो. कोपरापर्यंत पीठ. त्यांनी मला फडक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"खडकवाडीचा? सुभद्राबाईचा?"

"व्हय."

"कंपनीत हायेस म्हनं."

"व्हतो."

"फाटकावरच्या मानसानं तेच सांगितलं. दिवाळीपस्नं न्हाई म्हनला. त्यानंच हितं जेवायला धाडलं." मग म्हणाले, "आन त्यो पांढरा डगला?"

मी खाली बघितलं. पिठानं पांढराच होतो. तोंडातून निघून गेलं, "ह्यो काय."

सगळी पंगत हसली. मावशींनी तोंडाला पदर लावला. यशवंतराव हसले नाहीत. उरलेली अर्धी भाकरी शांतपणे खाल्ली, हात धुतला, पैसे ठेवले. भिंतीवर मी झाडांचे फोटो खिळ्याला लावलेत. त्यातला मोठ्या झाडाचा काढून घेतला आणि म्हणाले, "ह्यो नेतो." होय नाही, नाही नाही. निघून गेले.

तुझी मान खाली गेली, माझ्यामुळं. कुसुमच्या घरी आता काय सांगायचं ते तू ठरव. फक्त आईला सांगू नको. गावात ती सांगत फिरते, माझा ज्योतीराम औषधं करतो. तिला हे सोसायचं नाही.

ज्योतीराम


खडकवाडी
१४ फेब्रुवारी १९५६

ज्योत्या,

मार खायची लक्षणं आहेत तुझी. पण आधी वाच.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. मी ते डाळीच्या डब्यात लपवलं. दुसऱ्या दिवशी यशवंतराव दारात. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. तुझे दाजी उगाच भिंग पुसत होते. मी म्हटलं, आता सगळं आईपुढं येणार.

यशवंतराव म्हणाले, "सुभद्राबाई, पोरगा भाकरी झकास करतो. पाच खाल्ल्या, खोटं कशाला बोलू. भाकरीचं मला काय न्हाई. माझा आजा घोंगड्या इनायचा, त्येलाबी लोक हसायचं. पर तीन म्हयनं ह्यानं आपल्या आईला चकवलं, ते मला पटलं न्हाई."

आई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला न्हाई चकवलं."

ती उठली, देव्हाऱ्यातला फोटो आणला, यशवंतरावांच्या हातात दिला. "ही भाकरी बगा. तव्यावर टाकल्यावर वरनं पानी फिरवत्यात, त्याचं वळ बगा कुनीकडं गेल्यात. डाव्या हातानं फिरवलंय. डाव्या हातानं भाकरी करनारं माज्या बघण्यात एकच मानूस हाय, आन त्येला मीच शिकवलंय."

तुला आठवतं का? ती महिनाभर तापानं पडली होती, दाजींची बदली अजून इथल्या शाळेत झाली नव्हती म्हणून मी सासरी होते, आणि तू नऊ वर्षांचा. अंथरुणावरून ती सांगायची आणि तू थापायचास. ती म्हणायची उजव्या हातानं कर, तू म्हणायचास मग तूच उठून कर.

तुझे दाजी मास्तर पडले. ते म्हणाले, "मामी, स्टुडिओवाले कधी कधी काच उलटी ठेवून छापतात. मग उजवं ते डावं दिसतं."

आई म्हणाली, "ताटावरचं नाव तुमी सरळ वाचलंत न्हवं? मग पानीच तेवढं उलटं कसं फिरंल?"

तिला अक्षर येत नाही, ज्योत्या. मी चौथी शिकलेली, भिंग लावून नाव वाचलं आणि तुझं लग्न लावून मोकळी झाले. तिनं भाकरी वाचली. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, "त्येला सांगायचं असंल तवा सांगंल. भाकरी फुगलीय, म्हंजी पोरगं बरं हाय." लाडूही तिनं ओळखला. जेवणारा माणूस पिठल्याला खेटून लाडू ठेवत नाही, म्हणे. आणि तुला निरोप आहे, कारखान्यातल्या पोरासारखं पंचवीस धाडत जाऊ नको, खरंच जेवढं असंल तेवढं धाड.

यशवंतरावांनी तो फोटो आईला परत दिला. मग खिशातून तुझ्या झाडाचा फोटो काढला. कुसुमनं बघितलाय. तिनं विचारलं म्हणे, "शेजारी मानूस का न्हाई उभा केला? झाड केवढं हाय ते कळायचं कसं?" दाजी बाभळ म्हणाले यात त्यांचा दोष नव्हता, एवढं तरी तिनं सिद्ध केलं.

आता त्यांचं शेवटचं ऐक. "फाटक नको, बिल्ला नको. चुलीपुढं बसलेला, हातात भाकरी, आन तोंड सोच्छ दिसंल असा एक फोटो धाडू दे. त्यो मी दहिवडीत भाऊबंदांना दाखवनार. त्येला दाखवायची लाज वाटत असंल, तर मला जावई म्हनायची लाज वाटंल. शिमग्यापर्यंत वाट बगतो."

तेव्हा बघ. गावभर फिरणार आहे तो फोटो. मी काही सांगत नाही, तुझं तू ठरव.

मंजुळा


पिंपरी
२७ फेब्रुवारी १९५६

आई,

हे पत्र तुला आहे. आक्का वाचून दाखवेल, मधे मधे तिनं स्वतःचं घालू नये.

हात भाजतो. पहिल्या महिन्यात फार भाजला, आता कमी. बाजरीची जमते, पण कडेला चिरते. पाणी कोमट घेऊ का कडक, ते कळव.

आक्काचं पत्र आल्यावर आठ दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. खोटं सांगत नाही, भाऊबंद फोटो हातोहात फिरवतायत असं डोळ्यापुढं यायचं आणि भाकरी करपायची. एकदा तर पिशवी भरली होती, मुंबईला जाऊन गोदीत काम बघावं म्हणून. मावशींनी दारात बघितलं. म्हणाल्या, "जाताना पीठ मळून जा, साठ जनांचं." मळायला बसलो. मळून झालं तर थापायला कोण? तसाच राहिलो.

मग फोटो काढला. चूल आत अंधारात, तिथं माझा कॅमेरा आंधळा. म्हणून तीन दगड अंगणात मांडले, उन्हात चूल पेटवली. स्टुलावर मावशी, दोन्ही बाजूंनी स्टूल धरायला सयाजी आणि सोलापूरवाला. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरला. पहिल्या फोटोत काटवट आली, दुसऱ्यात नुसतं आभाळ, तिसऱ्यात त्यांचा स्वतःचा अंगठा. चौथ्याला शेळी पुन्हा आली. "अगं बाई, ह्यो हालतोय," "अगं बाई, मीच हालतीया," असं करत सात संपले. सातवा आलाय. तोच पाठवतोय.

घामानं तोंड चमकतंय, एक डोळा धुरानं मिटलाय, डाव्या हातावर भाकरी. दुसरा डोळा सरळ बघतोय. मोठ्या करून दोन प्रती काढल्यात. एक तुला, एक यशवंतरावांना. त्यांना म्हणावं, भाऊबंदांना दाखवा, चावडीवर लावा, चिकटवायला गोंद लागला तर मी पीठ पाठवतो.

आठवा उरला होता. तो घेऊन मावशींना एम्प्रेस गार्डनला नेलं. तिथल्या पाट्या बघून त्या म्हणाल्या, "झाडाला बी नाव कोरल्यालं? कुनाच्या लग्नातलं म्हनायचं हे?" मी मोठ्या झाडाला पाठ लावून उभा राहिलो. मावशी मागं सरकत सरकत पार रस्त्यावर गेल्या, एकच कळ दाबली, आणि आलं. कुसुमला सांगा, बुंध्याशी मुगाच्या दाण्याएवढा दिसतो तो मी. आता झाड केवढं ते कळेल.

परत येताना मावशींनी चिंचवडला भांड्यांच्या दुकानात थांबवलं. एक नवं ताट घेतलं आणि नाव कोरणाऱ्याला म्हणाल्या, "ज्योतीराम घाल. आन फुडं जागा सोड, अजून एक नाव यायचंय." मी म्हटलं, मावशी, अजून होकार कुठं आलाय? म्हणाल्या, "जागेला काय भाडं पडतंय व्हय?"

ताट वापरायला काढलेलं नाही. फडक्यात गुंडाळून ठेवलंय.

रोलचे आणि फोटो मोठे करायचे वजा करून खरंच जेवढे उरले तेवढे पाठवतोय. रुपये चौदा.